खानावळ, हॉटेल आणि फॅमिली रूम

१९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. मराठी माणूस घराबाहेर जेवायला कसा लागला असं कुणी विचारलं, की मी आधी हा आकडा सांगते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी गिरण्यांनी भरून गेली. त्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, पुणे, नगरहून पुरुष आले आणि बायका-मुलं गावी राहिली, शेताच्या तुकड्याजवळ. चाळीतल्या एकेका खोलीत वीस-वीस माणसं पाळीप्रमाणे झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीचा आडवा व्हायचा. अशा खोलीत स्वयंपाक कोण करणार? शेजारच्या खोलीत एखादं कुटुंब असे. त्या घरातली बाई घरच्यांबरोबर यांतल्या दहा-बारा माणसांचंही रांधायची. तिला खानावळवाली म्हणत.

माझी आई खानावळवाली होती. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं. वडील, म्हणजे अण्णा, लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. साचाखातं म्हणजे मागांचं खातं. तिथल्या आवाजानं अण्णांना लवकरच कमी ऐकू येऊ लागलं होतं. एका पगारात चार मुलांचं भागत नव्हतं, म्हणून आईनं जेवणारे धरले. ते तिला वहिनी म्हणत, वयानं तिच्याहून मोठे असले तरी.

हा धंदा गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. पहिली पाळी सकाळी सातला, म्हणजे साडेसहाच्या आत डबे भरून हवेत. दुसरी पाळी दुपारी साडेतीनला, म्हणजे दोनच्या सुमारास त्यांची ताटं. ते रात्री बारानंतर सुटायचे, त्यांचं जेवण झाकून ठेवायचं. रात्रपाळीवाले सकाळी परतले की त्यांना गरम भाकरी. आईचा स्टोव्ह दिवसातून तीनदा पेटायचा आणि खोलीत कुणी ना कुणी सतत जेवत असायचं. आम्ही भावंडं त्यांच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायचो.

जेवण दोन तऱ्हांचं. घाटावरच्यांना ज्वारीची भाकरी, कोरड्यास, ठेचा. कोकणातल्यांना भात हवा आणि आठवड्यातून निदान दोनदा मासळी, नाहीतर सुकट. आईला नारळ घालून माशाची आमटी करता येत नव्हती. तिनं ती शेजारच्या कणकवलीकडच्या बाईकडून शिकून घेतली आणि त्या बाईला भाकरी मोठी थापायला शिकवली. श्रावणात सगळ्यांना एकच जेवण, तेव्हा आईला जरा उसंत. आज कोकणी थाळी आणि घाटी थाळी वेगवेगळ्या हॉटेलांत मिळतात. मुंबईत या दोन स्वयंपाकांची गाठ पडली ती अशा दहा बाय बाराच्या खोल्यांत, हे माझं ठाम मत आहे.

हिशोब माझ्याकडे होता. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून मी चौथीत गेल्यावर वही माझ्याकडे आली. प्रत्येकाचं एक पान. महिन्याचा दर ठरलेला. गावी गेला तर तेवढ्या दिवसांचे खाडे वजा, पाव्हणा आणला तर जादा ताट. गिरणीचा पगार साधारण दहा तारखेच्या सुमारास व्हायचा आणि त्या संध्याकाळी पैसे जमायचे. किराणावाल्याची उधारी मात्र महिनाभर वाढत असायची. म्हणजे जेवणारा महिनाभर आधी खायचा, किराणावाला महिनाभर थांबायचा, आणि दोघांच्या मध्ये आई. ती आधी पाटल्या विकायची, मग कुठं व्याजानं पैसे उचलायची. पुढे मी सहकार खात्यात लेखापरीक्षक झाले आणि आयुष्यभर संस्थांची खाती तपासली. उधारी नेमकी कुणाच्या अंगावर बसते हे मला नोकरीआधीच ठाऊक होतं.

मुंबईच्या खाण्याचा इतिहास लिहिणारे इराण्यांपासून सुरुवात करतात, मग उडपी, मग दादर-गिरगावातली मराठी उपाहारगृहं. त्याला कारण आहे. त्या दुकानांच्या पाट्यांवर साल असतं: क्यानी १९०४, मामा काणे १९१०, मेरवान १९१४. खानावळीला पाटी नव्हती, परवाना नव्हता, गल्ला नव्हता. ती बाई गेली की खानावळ गेली. गिरणगावातल्या किती बायकांनी किती माणसं जेवू घातली, हे कुठल्या दफ्तरात सापडत नाही. या शहराचा कापडधंदा त्यांच्या जेवणावर चालला, आणि म्हणून मी आधी त्यांचं लिहिलं.

आता थोडं मागे जायला हवं, कारण परक्याच्या हातचं खाणं ही गोष्ट आपल्याकडे साधी नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली मोठी माणसं जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं समोर आली. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला असं म्हणतात. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांच्या सुधारक मित्रांना ते फार लागलं. एका कप चहापायी हे सगळं. मिशनमधला तो चहा फुकट होता, तरी पुण्यातल्या सुशिक्षित घरांमध्ये पुढची दोन वर्षं त्याची किंमत चुकती होत राहिली.

हा झाला वरच्या जातींचा पेच. खालून पाहिलं तर गोष्ट फार वेगळी आणि फार कठीण. साधारण १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडी केली. शिदोरी भरपूर होती, पण वाटेत या महार मुलांना पाणी कुणी देईना. पाण्यावाचून जेवण उतरत नाही. मुलं अन्न जवळ असून उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रवास स्वतः लिहून ठेवला आहे. आमचं पाटण तिथून लांब नाही. मसूरवरून गाडी जाते तेव्हा मी दरवेळी बाहेर पाहते.

हे चित्र बदलायला ज्या एका चहाच्या दुकानानं हात लावला, ते कोल्हापूरचं. गंगाराम कांबळे राजर्षी शाहूंच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा कर म्हणून भांडवल दिलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं सत्यसुधारक. दुकान स्वच्छ होतं, चहा चांगला होता, पण महाराच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोण येणार? तेव्हा महाराज फिरायला निघाले की गाडी त्या दुकानासमोर उभी करायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबत बसलेल्या सरदार-मंडळींनाही द्यायचे. राजाच्या हातून आलेला कप नाकारणार कसा? १९१९ साली शाहूंनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा इथं अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. हुकूम आणि कपभर चहा या दोन गोष्टी त्यांनी एकाच काळात केल्या, आणि माझ्या मते चहाचा मार जास्त खोल गेला, कारण तो प्यायला एकेकाला आपलं तोंड उघडावं लागलं.

सहकार खात्याच्या कामासाठी मी कोल्हापूरला अनेकदा गेले. भाऊसिंगजी रोडवर आता दुकानांची दाटी आहे. मी तिथं एका साध्या हॉटेलात चहा घेते, तो चांगला असतोच असं नाही, पण त्या रस्त्यावर उभं राहून प्यायचा म्हणून घेते. कोल्हापुरात लोक मला तांबडा-पांढरा रस्सा कुठं खाल्ला ते विचारतात. रस्सा मी खाल्लाय आणि आवडीनं खाल्लाय. पांढऱ्या रश्शाचा खसखस-काजूचा जाडपणा आणि मागून येणारी मिऱ्याची धग मला तांबड्याहून जास्त रुचते. पण या शहराचं खाण्याच्या इतिहासातलं मोठं काम मटणाचं नाही, चहाचं आहे.

पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात हॉटेल आणि उपाहारगृह हे शब्द आले. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथं प्रवेशाची आडकाठी करता येणार नाही, असं तो अनुच्छेद म्हणतो. घटना लिहिणाऱ्या माणसानं मसूरचा प्रवास केला होता हे लक्षात ठेवून तो वाचावा. त्या यादीत लिंग हाही शब्द आहे, आणि आता मला त्याच शब्दाकडे यायचं आहे.

मी आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात बसून खाल्लं ते कॉलेजात असताना, परळच्या एका इराण्याकडे, मैत्रिणीबरोबर. तोवर आमच्या घरी सगळं जग जेवायला यायचं, पण घरातली बाई कुठं जेवायला गेली नव्हती. इराण्याच्या दारात खुर्च्या, संगमरवरी टेबलं, आरसे, बिस्किटांच्या बरण्या, सगळं उघड्यावर. त्या टेबलांवर गिरणी कामगार, वकील, टॅक्सीवाला, मुसलमान, ख्रिस्ती, दलित शेजारी शेजारी बसायचे आणि जात विचारायची तिथं पद्धत नव्हती. मुंबईवर हे इराण्यांचं मोठं ऋण आहे. सूचनांच्या पाट्या मात्र भरपूर. धोबीतलावच्या बस्तानीमधल्या अशाच पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी कविता केली. आम्ही दोघी आत शिरलो तसं पोऱ्यानं न विचारता बोट दाखवलं: मागे, लाकडी फळ्यांच्या आडोशाला. फॅमिली रूम. तिथं बसून आम्ही ब्रून मस्का चहात बुडवून खाल्ला. पावाचं कडक कवच, आतलं लोणी, कडक गोड चहा. चव मला उत्तम आठवते. आणि फळ्यांमधल्या फटीतून दिसणारं बाहेरचं टेबलही आठवतं.

उडपी हॉटेलांनी मला त्या फळीबाहेर लवकर आणलं. माटुंग्याला ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, स्टेशनासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. तिथं केळीच्या पानावर जेवायचं, शेजारी कोण येईल ते आपण ठरवत नाही, आणि वाढपी सगळ्यांना सारखं वाढतो. दक्षिण कन्नडातून लहान वयात आलेली पोरं या हॉटेलांत कपबशा विसळायची आणि रात्री कानडी रात्रशाळेत शिकायची. त्यातलीच काही मालक झाली. त्यांनाही घरापासून लांब राहणाऱ्या माणसाची भूक ठाऊक होती, म्हणून दर खिशाला झेपणारे ठेवले. माझ्या लहानपणी हाटेलात जाऊ नकोस म्हणणारी आई नंतर माझ्याबरोबर तिथं आली. रस्समचं वाटण काय असेल याचा अंदाज बांधत तिनं दोनदा मागून घेतलं. वाढप्याला तिनं विचारलं, भात शिजवायला पातेलं केवढं घेता? त्यानं हातानं दाखवलं. आईनं मान हलवली. दोघांना एकमेकांचा धंदा कळला होता.

पुण्यातलं चित्र निराळं. तिथल्या बोर्डिंगांनी बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना पोसलं, आणि लक्ष्मी रोडवर १९३५ साली पूना गेस्ट हाऊस निघालं ते मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांच्या हातून, त्यामुळे तिथं नट-नट्यांचा राबता. फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह १९१२ पासून हिरव्या मिरची-आल्याच्या रश्शाची मिसळ देतं. कोल्हापुरी कटाची सवय असलेल्याला ती पहिल्या घासाला सौम्य वाटते, दुसऱ्या घासाला तिची स्वतःची चव आहे हे पटतं.

प्रवासातलं खाणं घडवलं ते आधी रेल्वेनं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ साली बोरघाट खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग प्रवास सुरू झाला. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यासाठी गाड्या कर्जतला थांबायच्या. त्या थांब्यावर बटाटेवडा मोठा झाला. खिडकीतून कागदात वडा, वर कोरडी लसणाची चटणी. इंजिन लागेपर्यंत तो संपवायचा. स्टेशनांवर हिंदूंना वेगळं पाणी आणि मुसलमानांना वेगळं, उपाहारगृहंही वेगळी, हे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चाललं. गोऱ्या साहेबांच्या सोयीनं १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली, तिला जेवणाचा डबा होता आणि अजून आहे. बहुतेक माणसं मात्र घरून दशम्या, चटणी बांधून निघायची. त्यात सोवळ्या-ओवळ्याचा विचार होता, तसा पैशाचाही होता.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि मग एसटी जिथं जिथं पोचली तिथं तिथं कॅन्टीन आणि त्याभोवती हॉटेलं आली. माझी नोकरी एसटीवरच झाली. कराड, पंढरपूर, लातूर, वणी, जिथं पतसंस्था आणि सोसायट्या होत्या तिथं. या प्रवासात बायका काय खातात याकडे मी सतत पाहिलं. गाडी थांबली की पुरुष उतरून मिसळ खायचे. बायका खिडकीशी बसून राहायच्या, पोरांना वडा खिडकीतूनच मागवायच्या, स्वतः चहासुद्धा टाळायच्या. कारण सगळ्या बायकांना ठाऊक आहे: चहा-पाणी पोटात गेलं तर पुढच्या थांब्यावर बाईनं जायचं कुठं? स्टँडवरचं स्वच्छतागृह एकतर बंद, नाहीतर पाय ठेवू नये असं. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरच्या मिसळीची, भज्यांची, वड्यांची रसभरीत वर्णनं छापून येतात, त्यातली जवळजवळ सगळी पुरुषांनी लिहिलेली आहेत. अर्धा समाज ती मिसळ खायला खाली उतरलाच नव्हता.

मी उतरायचे, कारण मुक्कामी राहायचं तर जेवायलाच हवं. तालुक्याच्या गावी रात्री आठला एकटी बाई हॉटेलात शिरली की पहिला प्रश्न, ताई, सोबत कोण आहे? कुणी नाही म्हटलं की पोऱ्या मालकाकडे बघायचा, मालक मागच्या दाराकडे. मराठवाड्यातल्या एका गावात फॅमिली रूम म्हणून मला जी खोली दिली तिच्यात कांद्याची पोती होती आणि पंखा बंद होता. पडदा तेवढा नीट ओढून घेतला गेला. शेंगदाण्याची आमटी आणि कडक भाकरी इतकी चांगली होती, की मला राग धरताना त्रास झाला. दुसऱ्या रात्री मी बाहेरच्या टेबलावर बसले. मालक काही बोलला नाही. समोरच्या टेबलावरचे दोघे उठून लांब बसले, मग थोड्या वेळानं जेवणात गुंतले. फॅमिली रूमनं बायकांना पहिल्यांदा हॉटेलात पाऊल टाकू दिलं, हे तिचं श्रेय मी तिला देते. पण पडदा बाईच्या सोयीसाठी होता तसा बाहेरच्या पुरुषांच्या सोयीसाठीही होता.

कराडला स्टँडामागे एका विधवा बाईंची खानावळ होती. पुढच्या खोलीत पुरुष जेवायचे. मला त्या म्हणायच्या, तुम्ही आत या. आत म्हणजे थेट चुलीजवळ, पाटावर. तव्यावरची भाकरी सरळ ताटात, वर वाटीभर आमटी आणि गप्पा. तिथं मला एकटं वाटलं नाही. भिंतीला खिळ्यावर वही टांगलेली होती. परवानगी घेऊन मी ती चाळली, धंद्याच्या सवयीनं. खाडे, जादा ताटं, बाकी. बाकीचा रकाना सगळ्यात भरलेला.

नागपूरला सावजी जेवले ते तिथल्या एका सहकारी मैत्रिणीच्या आग्रहानं. हलबा कोष्टी या विणकर समाजाचं हे जेवण. नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीच्या कापडापुढे हातमाग हळूहळू मागे पडत गेला, आणि विणकरांच्या घरांतून भोजनालयं निघाली असं तिथले लोक सांगतात. आमच्याकडे गिरणीनं खानावळ आणली, तिथं गिरणीनं मागावरच्या माणसाला खानावळीत आणलं. मटणाचा रस्सा काळसर, वर तेलाचा जाड थर; पूर्वी जवसाचं तेल वापरत. पहिल्या घासाला तिखट कळत नाही, भाजलेल्या मसाल्याची खोली कळते, आणि मग कपाळावर घाम येतो. शाकाहाऱ्याला पाटवडी रस्सा आहे, तो मला मटणाइतकाच आवडला. भोजनालयात आम्ही दोघीच बायका होतो. आत चुलीवर मात्र बायकाच होत्या.

माझ्या आईच्या धंद्यात बदल आला तो १९७५ साली, प्रेमा पुरव यांच्यामुळे. त्या मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यात पायाला गोळी लागलेल्या, गिरणगावात डाव्या चळवळीत काम करणाऱ्या. गिरणी बंद पडली, संप झाला की कामगाराच्या खालोखाल खानावळवाली बुडते आणि सावकाराच्या दारात जाते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते. १९६९ मध्ये बँका राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या, गरिबांना कर्ज देण्याची भाषा होत होती. प्रेमाताईंनी विचारलं, मग या बायकांना का नाही? त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि बँकेतून छोटी कर्जं मिळवून दिली. बायकांनी ती फेडली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. आमच्या चाळीतल्या बायका मंडळात गेल्या, त्यांच्यामागून आई गेली. फॉर्मवर अंगठा उमटवताना धंदा या रकान्यात काय लिहायचं असं कारकुनानं विचारलं. आई म्हणाली, खानावळ. मी तिला तोवर हा शब्द स्वतःच्या कामासाठी वापरताना ऐकलं नव्हतं. ती जेवणारे आहेत एवढंच म्हणायची.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने आईनं उधारीवर जेवू घातलं. भूक लागलेल्या माणसाला संप मिटेपर्यंत थांब कसं सांगणार? मग एकेक जण गावी गेला. तो संप रीतसर मिटलाच नाही. वहीत पानामागून पान बाकी राहिलं. मालवणकडचा एकजण पुढे कधीतरी येऊन सगळे पैसे चुकते करून गेला, आणि सोबत सुक्या बांगड्यांची पिशवी. बाकीच्यांना आईनं कधी दोष दिला नाही, मीही देत नाही. पण संपावर लिहिलेल्या ढीगभर पानांत या उधारीची बेरीज नाही.

आता त्या गिरण्यांच्या आवारात मॉल आणि रेस्टॉरंटं आहेत. भाच्यानं मला अशाच एका ठिकाणी नेलं. जेवण चवीचं होतं, सुरमई ताजी होती. आणि मला मनापासून आवडलं ते असं, की शेजारच्या टेबलावर एक मुलगी एकटीच बसली होती, समोर लॅपटॉप, ताटात भात-आमटी, आणि तिच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. सोबत कोण आहे असं तिला कुणी विचारलं नव्हतं. एवढी मजल मारायला माझ्या पिढीतल्या अनेक बायकांना पडद्याबाहेर येऊन बसावं लागलं आहे.

खानावळ मात्र संपलेली नाही. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, दहा रुपयांत. केंद्रं चालवायला देताना सरकारनं खानावळी आणि महिला बचत गटांनाही पात्र धरलं. शहरात एका थाळीचा खर्च ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. ग्राहकाच्या दहा रुपयांवरची रक्कम, म्हणजे ४० आणि २५ रुपये, सरकारनं केंद्राला द्यायची. साताऱ्याकडच्या एका केंद्रावर मी जेवले. वरण पातळ होतं पण फोडणी ताजी होती, पोळ्या मऊ होत्या, आणि ओळीत हमाल, कोर्टाच्या कामाला आलेले म्हातारे, दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या बायका सगळे एकत्र बसले होते. चालवणाऱ्या बाईंना मी बिलाचं विचारलं. त्यांनी वही दाखवली. थकलेल्या महिन्यांची अनुदानाची रक्कम एका पानावर, किराणा आणि गॅसची उधारी समोरच्या पानावर. केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतही येतात. लेखापरीक्षक म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ही रक्कम महिना संपताच केंद्राच्या खात्यात जमा व्हायला हवी, आणि उशीर झाला तर त्यावर व्याज द्यायला हवं. कारण तोपर्यंत थाळीमागचे ते चाळीस किंवा पंचवीस रुपये सरकारचे नसून त्या बाईंनी किराणावाल्याकडून आपल्या नावावर उचललेले असतात.